"दिसलाच नाही" म्हणतो, प्यायल्यावर खरंच दिसत नाही का?

वाटसरू:
माझ्या दादाला मागच्या महिन्यात रात्री गाडीने उडवलं. झेब्रा क्रॉसिंगवर, निम्मा रस्ता ओलांडून झाला होता. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली, रॉड टाकलाय. चालवणारा प्यायलेला होता हे टेस्टमध्ये आलंच, पण एकच धोशा लावलाय की माणूस दिसलाच नाही. अरे अंगात पांढरा शर्ट, वर खांबावर दिवा चालू! थापा मारतोय का?

रातराणी:
कॅज्युअल्टीत नाइट ड्यूटी करते म्हणून सांगते, थापाच असतील असं नाही. प्यायल्यावर नजर समोर एका जागी खिळते, कडेने येणारा माणूस उशिरा कळतो, त्यात समोरून हेडलाइटचा झोत आला की डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. दिसला तरी ब्रेकवर पाय उशिरा जातो. ताशी ५० ने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद उशीर झाला की ७ मीटर गेले. नडगीच मोडली कारण बंपर तिथेच बसतो, मग माणूस बॉनेटवर आणि डोकं काचेवर. दादाच्या डोक्याला काही लागलं होतं का?

खडूस:
दिसलं नाही ही काय सबब झाली का? प्यायल्यावर दिसत नाही हे माहीत असून किल्ली फिरवली ना!! केस अजिबात मागे घेऊ नका.

सुधारलेला:
शिव्या घालणार तुम्ही, पण मी पण चालवलीय पिऊन. दारू पहिली अक्कल काढून घेते, पाय नंतर लटपटतात, त्यामुळे आपण एकदम ओके असंच वाटतं आणि वर कॉफी ढोसली की उतरली म्हणायचो, घंटा उतरते. १०० मिली रक्तातली साधारण १५ मिलिग्रॅम तासाला कमी होते, कॉफी प्या नाहीतर डोक्यावर बादली ओता. माझ्या गाडीखाली कोणी आलं नाही यात माझं कर्तृत्व शून्य.

वाटसरू:
@रातराणी टेंगूळ होतं कपाळावर, स्कॅन तेव्हा नॉर्मल आला. पण परवापासून डोकं दुखतंय म्हणतो, काल औषध घेतलेलं विसरून परत मागत होता.

रातराणी:
आत्ता घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. आतला रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनी जाणवतो. जुना स्कॅन सोबत ठेवा आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

वाटसरू:
निघालोय.