मदत हवी आहे : ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफचे लाभ कामगारांना कसे समजावून सांगावेत?

चाकण एमआयडीसीतील एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहते. पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात, एवढेच बहुतेक कामगारांना ठाऊक असते. परंतु पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते आणि नोकरीत असताना मृत्यू ओढवल्यास पीएफशी जोडलेल्या विम्यातून कुटुंबाला कमाल ७ लाख रुपये मिळू शकतात, हे सूचना फलकावर लावूनही कोणी वाचत नाही. लग्नानंतरही कित्येकांनी पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून नोंदवलेले नाही, याची मला सर्वाधिक काळजी वाटते. शिफ्ट बदलताना छोटी बैठक घ्यावी, की पगारपत्रकासोबत सोप्या मराठी-हिंदीतील चिठ्ठी द्यावी? कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आपला अनुभव काय आहे, हे कृपया सविस्तर कळवावे.