आईबाबांसाठी वय वंदना कार्ड, फुले योजना की खासगी पॉलिसी? सल्ला हवाय

सांजवेळ :
नमस्कार मंडळी. आई ७१, बाबा ६८. बाबांना १२ वर्षांपासून शुगर आहे, ३ वर्षांपूर्वी एक स्टेंट टाकलाय. आईला बीपी आणि गुडघे. बाबा खासगी नोकरीतून रिटायर झाले, रेशन कार्ड पांढरं. सोसायटीतले एक काका म्हणतात सत्तरीवरच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड (केंद्राच्या आयुष्मान योजनेतलं) मिळतं. मग बाबांचं काय? आणि ही कार्डं खरंच चालतात का? वर्षाला ३० हजारांच्या वर मला झेपणार नाही, हे आधीच सांगते.

पॉलिसीवाला_दादा :
ताई, सरळ २५ लाखांची खासगी आरोग्य विमा पॉलिसी घ्या दोघांची. मी माझ्या आईवडिलांची घेतली, ८२ हजार जातात वर्षाला पण रात्री झोप लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेलाय. आरोग्यावर कंजुषी नको.

कोकणकडा :
अहो त्या ३० हजार म्हणाल्यात ना? आणि स्टेंटवाल्या माणसाला पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबायला लावतात. वय वंदनामध्ये ती भानगड नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून चालतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं आणि वयही आधारवरचंच धरतात. घरी दोघं सत्तरीच्या पुढे असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात बरं का, प्रत्येकी नाही.

मनीमाऊ७८ :
कुटुंबाला ५ लाख असतात म्हणजे बाबापण आईच्याच कार्डात येतील की.

कोकणकडा :
नाही येणार. सत्तरीच्या आतल्या माणसाला यातलं काही मिळत नाही, २ वर्षं थांबावं लागेल.

निवृत्त_सुभेदार :
आमच्याकडे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे, उत्तम चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांनी विचार करून ठरवावं, ते आणि वय वंदना दोन्ही एकत्र नाही मिळत, एकच निवडायचं आणि तेही एकदाच. शेजारच्या एकांनी घाईत कार्डासाठी अर्ज करायला घेतला होता, मीच थांबवलं.

मनीमाऊ७८ :
म्हणजे खासगी पॉलिसी असेल तरी कार्ड मिळत नाही?

निवृत्त_सुभेदार :
मिळतं. खासगी पॉलिसीवाले आणि ईएसआयवाले (कामगार विमा योजनेतले) दोन्ही ठेवू शकतात.

रानफूल :
मी मागच्या महिन्यात आईचं कार्ड काढलं. तिचा अंगठा मशीनवर उमटेचना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्यात. पदराला पुसून पुसून पाच वेळा ठेवला, दर वेळी नापास. तिचं तोंड इतकं उतरलं की मलाच रडू आलं. मग तिथल्या मुलाने चेहरा स्कॅन करायचा पर्याय घेतला, म्हणाला आजी डोळे मिचकवा, आणि झालं की. तेव्हा अंगठा नाही लागला तर परत फिरू नका, ओटीपीनेही होतं. आयुष्मान ॲपवर घरूनही करता येतं.

हताश_मुलगा :
कार्ड काढणं सोपं आहे हो, पुढचं सांगा. माझ्या वडिलांना रात्री २ वाजता छातीत दुखायला लागलं, योजनेच्या यादीतलंच हॉस्पिटल म्हणून नेलं तर काउंटरवर सांगितलं की आमच्याकडे योजना फक्त हाडांच्या उपचाराला आहे, हृदयाला नाही. ५० हजार भरल्यावर आत घेतलं. हॉस्पिटल यादीत आहे एवढं बघून चालत नाही, कुठला विभाग यादीत आहे ते आधीच बघा. आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारता येतं, मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पॉलिसीवाला_दादा :
म्हणूनच म्हणतो खासगी घ्या!

कोकणकडा :
ताई, तुमच्या बाबांसाठी राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनीसाचं) टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जायचं, ॲडमिट झाल्यावर नाही. हेल्पलाइन १५५३८८. रेशन कार्डावर बाबांचं नाव आधारवरच्यासारखंच आहे ना ते बघा, एका अक्षराने अडतं.

रानफूल :
आणि डॉक्टरांची साधी फी, महिन्याच्या गोळ्या यातल्या कशातच नाहीत. वय वंदनामध्ये ॲडमिट व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस धरतात, बस. तरी एखादी छोटी खासगी पॉलिसी सोबत असावी असं मलाही वाटतं.

निवृत्त_सुभेदार :
सहमत, पॉलिसी घ्याच.

सांजवेळ :
सगळ्यांचे आभार. पॉलिसी नाही घेत आहे. बाबांच्या वयाला आणि स्टेंटला मिळालेला सगळ्यात कमी आकडा ४६ हजार होता, आणि त्यांच्या गोळ्या, शुगरच्या तपासण्या तरीही खिशातूनच. आईचं वय वंदना काढतेय, बाबांसाठी फुले योजना. दर महिन्याला अडीच हजारांची रिकरिंग लावतेय, ती फक्त या दोघांची, त्याला हात लावायचा नाही. पॉलिसीवाला दादा, तुमची काळजी पोचली, पण ८२ हजार माझ्याकडे नाहीत. घरापासून अर्ध्या तासावरच्या दोन हॉस्पिटलांत फोन केला, एकात हृदयविभाग योजनेत आहे, दुसऱ्यात नाही. पहिल्याचा नंबर फ्रिजवर लिहून चिकटवलाय. बाबांचं नाव रेशन कार्डावर ऱ्हस्व आणि आधारवर दीर्घ निघालं, उद्या त्यासाठी तहसीलला जातेय.