बेंदराला दूध तीनदा वर आणलं होतं, तरी घरातली चौघं आजारी. असं का?

भोगावतीकाठ (करवीर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या दावणीला तीन म्हशी. त्यातल्या मुऱ्हा जातीच्या म्हशीला दुसऱ्या वेतात कासेचा त्रास झाला. मागच्या उजव्या सडातून आधी पांढरे कण आले, मग दोऱ्यासारख्या गुठळ्या. आमच्याकडं ह्याला दगडी म्हणतात. डॉक्टरांनी सडात ट्यूबा सोडल्या, सूज उतरली, दूध दिसायला पहिल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस तिचं दूध टाकून दिलं, दूध संस्थेला घातलं नाही. त्यानंतर मात्र तिन्ही म्हशींचं एकत्रच काढत होतो.

बेंदराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला धारा झाल्या. पावसानं लाईट गेलेली, फ्रिज बंद, दोन्ही शेगड्यांवर पुरणाची डाळ. घरातल्या दुधाची किटली स्वयंपाकघरात उबेलाच राहिली. मी दूध तापवायला घेतलं तेव्हा बारा वाजत आले होते. वास घेतला, बोटभर चाखून बघितलं, काही वेगळं नव्हतं. तापवताना फाटलंही नाही. तीन वेळा वर आणलं.

सणादिवशी दुपारी पोळीवर तेच दूध घेतलं. साडेतीनला धाकट्याला उलटी झाली, मग सासूबाई, मग भाऊजी, मग थोरली. पोटात पीळ पडत होता, जुलाब होते, पण अंगात ताप कुणाच्याच नव्हता. धाकटा इतका गळाला की मांडीवर घेतला तर मान धरेना. दवाखान्यात सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही उठून बसली. मी आणि आमचे मालक कटाच्या आमटीशी जेवलो होतो, आम्हा दोघांना काहीच नाही.

सासूबाई म्हणतात पुरण बाधलं. पण पुरण आम्हीही खाल्लं की. उकळलेल्या दुधात काय राहतं? आणि म्हशीचं काय करू? भाऊजी म्हणतात वडगावच्या बाजारात घालवू. न सांगता दुसऱ्याच्या दावणीला रोग बांधायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

कागलचा गोठा

वैनी, पोरं बरी झाली हे चांगलं झालं. सूज उतरली म्हणजे कास बरी झाली असं धरू नका. माझ्या एका म्हशीची दगडी दर दोन महिन्यांनी उठायची. मधल्या काळात दूध एकदम स्वच्छ, फक्त त्या सडाची धार बारीक. तुमच्या म्हशीची धार बघा. आणि तिला सगळ्यात शेवटी पिळा. मी आधी तिची धार काढून त्याच हातानं पुढच्या म्हशीला बसायचो, वर्षभरात दुसरीलाही लागलं.

गुरांचा डॉक्टर

ताई, दुधाची तपासणी झालेली नाही, त्यामुळं खात्रीनं सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं स्टॅफिलोकॉकस ऑरियस ह्या जंतूच्या विषाशी जुळतात. खाल्ल्यावर काही तासांत जोराच्या उलट्या, ताप नाही, दिवसभरात उतार.

हा जंतू कासदाहाचं, म्हणजे तुमच्या दगडीचं, एक मोठं कारण आहे. कासेत खोलवर बारीक गळवं करून बसतो, तिथं औषध नीट पोचत नाही. म्हणून दूध दिसायला चांगलं झालं तरी जंतू त्यातून येत राहतात. धार काढणाऱ्याच्या नाकात आणि हातावरच्या जखमेतही तो असतो, तेही लक्षात घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दूध उबेला सहा तासांवर राहिलं, तेवढ्यात जंतू वाढले आणि त्यांनी दुधात विष सोडलं, असं दिसतं. उकळल्यावर जंतू मेले, विष तसंच राहिलं. ते 100 अंशाला अर्धा तास टिकतं, दुधाला तीनदा वर आणल्यानं त्याला काही होत नाही. वासाला, चवीला, फाटण्याला ते कळत नाही. 2000 साली जपानमध्ये ओसाका भागात दूध पिऊन 13 हजारांवर लोक आजारी पडले. त्यातही कारखान्यातली वीज गेली, दूध उबेला राहिलं, त्याची पावडर झाली आणि ती पिण्याच्या दुधात गेली. तुमच्या घरी किटलीत तेच घडलं असावं.

चारही सडांची सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायची साधी चाचणी, करून घ्या. खाचांच्या पाटीत दूध आणि औषध सारखं घेऊन हलवायचं, दूध बुळबुळीत घट्ट झालं तर सड बाधित. नमुना प्रयोगशाळेत देऊन कोणतं औषध चालतं तेही बघा. बाधित सडाचं दूध रेडकालाही पाजू नका.

तालमीतला

डॉक्टर, आम्ही कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीखालचं धारोष्ण दूध पिऊन वाढलो. आम्हाला कसं कधी बाधलं नाही?

गुरांचा डॉक्टर

कारण विष व्हायला वेळ लागतो. 1914 साली फिलिपिन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकानं कासदाह झालेल्या गायीचं दूध स्वतः पिऊन हेच बघितलं. ताजं प्यालं तर काही नाही, ठेवून प्यालं की उलट्या. पण म्हणून कच्चं दूध प्या असं मी म्हणणार नाही. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षय कच्च्या दुधातून येतात, आणि ते उकळल्यानं थांबतात. धार झाली की दूध लगेच तापवा, तापवून पटकन गार करा. तापवायला जमत नसेल तर किटली बर्फाच्या पाण्यात तरी ठेवा.

भोगावतीकाठ

डॉक्टर, काल सीएमटी केली. मागच्या उजव्या सडाचं दूध अंड्याच्या पांढऱ्यासारखं पाटीला चिकटून बसलं. पुढच्या डाव्याचंही थोडं घट्ट झालं, आणि त्या सडावर आम्हाला कधीच शंका नव्हती. त्याचं दूध रोज घरात आणि संस्थेत जात होतं. हे वाचून संस्थेच्या सचिवांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, बाकीच्या म्हशींची तपासणी करून मगच दूध घाला म्हणाले. त्या दोघी ठीक निघाल्या.

मुऱ्हा सध्या शेवटी पिळतो, प्रत्येक सड धारेनंतर आयोडिनच्या औषधात बुडवतो. त्या दोन सडांचं दूध मी चुना टाकून खड्ड्यात ओतते. रोजचं लिटर दीड लिटर जातं, ओतताना पोटात कालवतं. नमुन्याचा निकाल यायचा आहे. तो आल्यावर औषध करून म्हैस आटवायची (तिचं दूध काढणं बंद करायचं) की कसं ते ठरवू. बाजाराचं भाऊजींनी परत काढलं नाही.