संदर्भ सॉफ्टवेअरमधले शॉर्टकट: ज्याला जसे हवे तसे बदलता यायला नकोत का?

तळटीपवाला
मनगट दुखावल्यापासून माउस जवळपास सोडलाय. मी वापरतो त्या संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये (पुस्तकं-लेखांचे संदर्भ सांभाळणारं) साइटेशन, म्हणजे मजकुरात संदर्भाची नोंद, घालायला तीन कळा एकदम धराव्या लागतात. करंगळी कंट्रोलवर, अनामिका शिफ्टवर आणि तर्जनी ताणून तिसरी कळ. एका प्रकरणात दीडशे साइटेशन, म्हणजे दीडशे वेळा ही कसरत! कळा बदलायची सोय कुठेच सापडली नाही. माझं मत: एकूण एक शॉर्टकट बदलता आला पाहिजे, नाहीतर सुगम्यतेच्या गप्पा मारू नयेत.

अर्धविराम
सहमत नाही. प्रत्येकाच्या कळा वेगळ्या झाल्या की मदतपानावर लिहायचं काय? शिकवणाऱ्याने 'कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा' म्हणायचं आणि दहा जणांकडे दहा गोष्टी घडायच्या. एकदम धरण्यावर उपाय विंडोजमध्येच आहे. शिफ्ट पाच वेळा दाबा, स्टिकी कीज चालू होतात, मग कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतं.

तळटीपवाला
करून पाहिलं. ताण गेला, ठोके तेवढेच राहिले. आणि मदतपानाचं म्हणाल तर मेनूत त्या आज्ञेसमोर सध्याची कळ दाखवा की. काम झालं.

श्रवणवाचक
मला दिसत नाही, पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए वापरते. तुमचं भांडण मला दुसऱ्या मजल्यावरचं वाटतं. पायऱ्याच नाहीत त्याचं काय? एका सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबत गेले की 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू येतं. कुठलं जतन करायचं, कुठलं पुसायचं? नावच दिलेलं नाही. आधी सगळं टॅबने गाठता येऊ दे, बटणांना नावं द्या, मग शॉर्टकटचं बघू. २०२४ मध्ये आलेल्या झोटेरो ७ या संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये या बाजूने बरंच काम झालं, म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

आणि एकअक्षरी शॉर्टकट तर नकोच. वेब आवृत्तीत एच दाबला की एनव्हीडीए मला पुढच्या मथळ्यावर नेतो, सॉफ्टवेअरपर्यंत ती कळ पोचतच नाही. बोलून संगणक चालवणाऱ्यांचे आणखी हाल. बोललेला शब्द अक्षरं म्हणून शिरला की भलत्याच आज्ञा सुटतात. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुगम्यतेच्या नियमावलीत यासाठीच २.१.४ हा निकष आला: असा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा, किंवा कीबोर्डने त्या घटकावर आलेलं असतानाच (फोकस) चालावा.

अर्धविराम
बंद करता यावा, हे पटलं. 'बदलता यावा' हा तिथे पर्याय आहे, सक्ती नाही, एवढं नोंदवतो.

इनस्क्रिप्टप्रेमी
देवनागरी लेआउट चालू असताना 'के'च्या कळीतून 'क' येतो. सॉफ्टवेअर उमटलेलं अक्षर तपासत असेल तर एकअक्षरी शॉर्टकट मुका होतो. कळ दिली, पण भाषा बदलली की गेली!

तळटीपवाला
@श्रवणवाचक, नावं आधी, मान्य. बाकी हट्ट कायम. झोटेरोकडे वळतोय. त्याच्या साइटेशनच्या आज्ञेला वर्डच्या कीबोर्ड सेटिंगमधून हवी ती कळ देता येते. आज एफ८ दिली. एक बोट, एक ठोका.

श्रवणवाचक
वर्डमध्ये एफ८ मजकूर निवडायला असते हं. मी रोज वापरते. माझ्या संगणकाला हात लावू नका.