विषय: यंत्रं पुरेत, यंदा डॉक्टरचा हप्ता भरू या

प्रेषक: ताई (मूळ पंचवटी, सध्या ओहायो)

सगळ्यांना नमस्कार,

अमेरिकेतल्या आपल्या नाशिककरांच्या मंडळात दिवाळीच्या वर्गणीचं काय करायचं यावर बोलणं चालू आहे, म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी आपण जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाला सोनोग्राफी मशीन दिलं होतं. जानेवारीत नाशिकला गेले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून ते बघून आले. मशीन नवंकोरं आहे. सिस्टरांनी चादर काढून दाखवलं आणि पुन्हा नीट झाकून ठेवलं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे ते पात्र, नोंदणी झालेल्या डॉक्टरनेच चालवायचं असतं. तो डॉक्टर सात महिन्यांत सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. गरोदर बायका अजूनही काळीपिवळीत बसून नाशिक गाठतात.

माझं म्हणणं असं की यंदाचे पैसे एखाद्या डॉक्टरच्या शैक्षणिक कर्जाला लावावेत. इथे अमेरिकेत हे सरकारच करतं. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही सरकारी योजना १९७० च्या कायद्यातून उभी राहिली आणि १९८७ पासून तिने डॉक्टरांचं कर्ज फेडायला सुरुवात केली. डॉक्टर कमी असलेल्या भागात दोन वर्षं काम करायचं, त्या बदल्यात कर्ज फेडायला पैसे मिळतात, त्यावर फेडरल टॅक्सही नाही. भागाची गरज ० ते २५ गुणांवर मोजतात आणि जास्त गुणांच्या जागांना आधी पैसे मिळतात. अर्ध्यावर सोडलं तर मात्र न केलेल्या प्रत्येक महिन्यामागे ७,५०० डॉलर भरावे लागतात, वर राहिलेल्या काळाचे पैसे परत.

माझी लेक यातूनच डोंगराळ भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेली. दोन वर्षांसाठी गेली होती, आता पाचवं चालू आहे. मी स्वतः डॉक्टर म्हणून जे-वन व्हिसावर आले होते, तीन वर्षं मिसिसिपीतल्या एका गावात काढली. डॉक्टर कमी असलेल्या भागात काम केलं की मायदेशी परतायची व्हिसाची अट माफ होते, त्या कॉनराड योजनेतून. तिच्यात तेव्हा राज्याला वर्षाला २० जागा होत्या, नंतर ३० झाल्या. मी व्हिसासाठी गेले, लेक कर्जासाठी. नंतर आम्हाला पेशंटनी धरून ठेवलं, पण पहिलं पाऊल गरजेपोटीच पडलं, हे मी लपवणार नाही.

---

प्रेषक: काका (मूळ नाशिकरोड, सध्या टेक्सास)

ताई, कळकळ पोचली. पण आपल्याकडे बाँड आहे ना? सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची. शिवाय आरोग्य विद्यापीठच १९९८ पासून आपल्या नाशिकला आहे. कॉलेज रोडला दर दहा पावलांवर डॉक्टरची पाटी दिसते. मग डॉक्टरला पैसे आपण का द्यायचे, हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

---

प्रेषक: दादा (मूळ सिडको, सध्या न्यू जर्सी)

काका, माझा भाचा सुरगाणा तालुक्यात डॉक्टर होता. तुमचा प्रश्न त्याला पाठवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो.

"मामा, बाँडमुळे डॉक्टर एक वर्ष मिळतो. त्या वर्षात त्याच्या टेबलावर नीट-पीजीची पुस्तकं असतात. मी नावं ठेवत नाही, पुढे शिकायचं तर दुसरा मार्ग नाही. पण त्या वर्षात गाव कळत नाही.

माझं कॉलेज खासगी, त्यामुळे बाँडपेक्षा कर्जाचंच ओझं. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक तारण मागते. आमचा इंदिरानगरचा फ्लॅट तारण आहे. शिकताना आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. सुरगाण्याची नेमणूक कंत्राटी होती, अकरा-अकरा महिन्यांची. पगारातला जवळजवळ निम्मा भाग हप्त्यात जायचा.

डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. पण आकड्यावरून तिथलं काम समजत नाही. भाताची आवणी सुरू झाली की सर्पदंश येतात. दिवाळीनंतर लोक द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, मग गरोदर बाईची पुढची तपासणी राहून जाते. पहिल्या वर्षी मला वाटलं, बायका मुद्दाम येत नाहीत. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधीच यादी काढली आणि आशाताईंबरोबर पाड्यापाड्यावर फिरलो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांची नावं तोंडपाठ झाली होती. कुणाला कधी दुखतं, कुणाच्या घरात गोळ्या संपत आल्यात, हे न विचारता कळायला लागलं होतं.

मला तिसरं वर्षही करायचं होतं. बहिणीचं लग्न निघालं, दोन हप्ते थकले, बँकेचा फोन बाबांना गेला. बाबा मला काही बोलले नाहीत. मी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून लागलो, दीडपट पगारावर. सिकलसेलच्या त्या मुलांपैकी एकाची आई अजून फोन करते. नवीन डॉक्टर आला की तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

कुणी हप्ता भरला असता तर थांबलो असतो का? थांबलो असतो. फक्त राहायला धड खोली हवी, आणि उन्हाळ्यात पाणी."

---

प्रेषक: खजिनदार (मूळ देवळाली, सध्या कॅलिफोर्निया)

पत्र दोनदा वाचलं. हे व्हावं असं मलाही वाटतं, म्हणूनच अडचणी आत्ताच सांगते.

आपलं मंडळ धर्मादाय आहे, त्यामुळे कुणा एका ठरावीक व्यक्तीच्या नावाने देणगी घेता येणार नाही. डॉक्टर कसा निवडायचा याची पद्धत आधी ठरायला हवी. दुसरं, परदेशी देणग्यांवरचा भारतातला एफसीआरए कायदा. त्याच्या कलम ३ प्रमाणे सरकारी नोकराला परदेशी देणगी घेता येत नाही. म्हणजे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचा हप्ता आपण थेट भरायचा विचार सोडून द्यावा, नाहीतर आपल्या मदतीने तोच अडचणीत येईल. आणि आपल्यापैकी ज्यांनी अमेरिकन पासपोर्ट घेतलाय त्यांचे पैसे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, परदेशीच धरतात.

वाट एक दिसते. आदिवासी भागात स्वतःचा दवाखाना चालवणारा, एफसीआरए नोंदणी असलेला ट्रस्ट शोधायचा. पैसे त्यांच्या दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच जातील. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत, त्यामुळे दवाखाना ट्रस्टचाच हवा. डॉक्टरला पगारात कर्जफेडीचा भत्ता मिळेल. त्यावर कर लागेल, तेव्हा रक्कम ठरवताना तेवढी भर घालू. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट ८ वर्षं मिळते, तिचाही उपयोग होईल.

---

प्रेषक: काका

खोलीचं आणि पाण्याच्या टाकीचं माझ्याकडे लागलं. त्यासाठी वर्गणीला हात लावू नका.

---

प्रेषक: ताई

काका, डोळे भरून आले. खजिनदारबाई, तुम्ही वेळेवर सावध केलंत. मी तर मार्चमध्ये थेट बँकेत पैसे भरायला निघाले होते.

मला एकच बदल सुचवायचाय. इथल्यासारखा महिन्यामागे दंड नको. ज्याच्या बापाला बँकेचे फोन येतात त्याच्या डोक्यावर आणखी एक बोजा कशाला? सहा महिने काम झालं की सहा हप्ते, असं मागाहून देऊ. सोडलं तर पुढचे थांबतील, मागचे त्याचेच. आणि निदान तीन वर्षांचे पैसे हातात असल्याशिवाय कुणालाही शब्द द्यायचा नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत असे दवाखाने कुठले आहेत, ते मी या आठवड्यात फोन करून काढते. दादा, निवड पद्धतीनेच होईल, भाच्याला तसं आधीच सांगा. पण एवढं विचारून ठेवा: ट्रस्टचा दवाखाना चालेल का, हप्ता किती आहे, आणि त्या मुलाच्या आईचा फोन नंबर अजून त्याच्याकडे आहे ना?