मदत हवी आहे: हृषीकेश मुखर्जींच्या विनोदी सिनेमातला एक प्रसंग सुचवा

सिनेमाच्या संकलनावर (एडिटिंगवर) वीस मिनिटांचं बोलायचंय. मुद्दा असा, की हृषीदा मुळात संकलक; 'दो बिघा जमीन' (1953) त्यांनीच संकलित केला, दिग्दर्शनात आले 1957 च्या 'मुसाफिर'पासून. मग त्यांच्या विनोदात कात्रीचा वाटा किती?

'चुपके चुपके' (1975) आणि 'गोलमाल' (1979) दोनदोनदा पाहिले. पण दरवेळी संवाद, आणि 'गोलमाल'मध्ये उत्पल दत्तच, भाव खाऊन जातात; कट, म्हणजे शॉट बदलतो ती जागा, दिसतच नाही! (चांगल्या संकलनाची हीच तर गोची.) 'बावर्ची', 'खूबसूरत' पाहिलेत, 'नरम गरम' राहिलाय. 'आनंद' नको, विनोदीच हवा.

दोन-तीन मिनिटांचा असा कुठला प्रसंग आहे, जिथे हसू संवादापेक्षा कटमुळे येतं?