आबांची १९६९ची जावा: जशी होती तशी करू की कॅफे रेसर?

गोठ्यातली_जावा:
नमस्कार मंडळी. आमच्या आबांची जावा २५० मोटारसायकल, १९६९ सालची, कागलजवळ गावी गोठ्यात वीसेक वर्षं उभी आहे. पावसाळ्यात कडबा तिच्यावरच रचायचे. किक बसत नाही, टाकीत गंज, आरसी अजून आबांच्या नावावर. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. एका वर्कशॉपवाल्यानं मागची फ्रेम कापून कॅफे रेसर, म्हणजे खालचं हँडल आणि आखूड सीटची शर्यतीसारखी गाडी, करून द्यायचे पंच्याऐंशी हजार सांगितलेत. भाऊ त्याच्या फोटोंवर फिदा आहे. मला आबांची गाडी हवी आहे. सुरुवात कुठून करू?

नानापेठी:
रेसरच करा. मूळ रूपाचं वेड खिशाला झेपत नाही. नुसत्या क्रोमचा भाव विचारून बघा.

उद्यमनगर_लेथ:
ताई, ग्राइंडर तेवढा लावू देऊ नका. १९६९ म्हणजे गाडी पन्नाशी ओलांडलेली. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तरच. शेपटी कापली की तो दरवाजा बंद. आणि साध्या नोंदणीवर ठेवली तरी आरसीवरच्या मूळ तपशिलात बदल होईल असं काम मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

भावाला रेसरच पाहिजे असेल तर हँडल, सीट, आरसे नटबोल्टवर बदला आणि मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर टाका. कापलेली फ्रेम मात्र परत जुळत नाही.

आता इंजिन. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर, दांडी आत दाबून वर फिरवायची. गाडी गिअरमध्ये अडकलेली असेल तरी किक बसत नाही, ते आधी बघा. पिस्टनच धरला असेल तर प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल सोडा, चार-आठ दिवस विसरा, मग तिसऱ्या गिअरला टाकून गाडी हळू मागंपुढं करा. किकवर उभं राहणारे पैलवान गिअरची इस्कोट करून ठेवतात.

सुटली तरी लगेच चालू करायची घाई नको. इतकी वर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, ऑइल सील वाळलेले असतात. क्लचकडचा सील गेला तर गिअरऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर सुटतो. धूर तरी दिसतो. डायनॅमोकडचा गेला तर नुसती हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस धरते आणि पिस्टन चिकटतो. त्यामुळं इंजिनची केसिंग उघडायचीच. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड बदलला तर क्रँक प्रेसवर बसवून व्ही-ब्लॉकवर डायलनं तो सरळ फिरतो का तपासून घ्या, फरक दोन थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशाच्या, आत पाहिजे. आमच्याकडं हातोडीवर सरळ करणारे महाभागही आहेत, त्यांना चहा पाजून निरोप द्या.

आणि आधी पिस्टन हातात घ्या, मगच त्या पिस्टनच्या मापानं रिबोर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं. उलटं केलं की नेमकं तेच माप बाजारात मिळत नाही.

नानापेठी:
कायद्याचं माहीत नव्हतं. माझी बुलेट कापून बसलोय, असो.

जुन्या_बाजारातला:
कागद पहिले, लेथमास्तर! आबांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. बाकी वारस असतील तर त्यांची संमती आत्ताच घ्या. गाडी चमकायला लागली की सगळ्यांना आठवण येते. व्हिंटेजला गेलात तर आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र मग रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

पुण्यात असाल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार बघा. पण तिथून इंजिन केसिंग घेऊ नका, तुमच्या कागदावरचा नंबर तुमच्याच केसिंगवर आहे.

उद्यमनगर_लेथ:
मान्य, कागद पहिले. रंग सगळ्यात शेवटी, हेही लिहून ठेवा. लोक आधी टाकी मरून रंगाची करून आणतात आणि मग इंजिन बसवताना ओरखडे पाडतात. टाकीत धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि मूठभर नट टाकून खळखळवा, वाळवा, लगेच टूटी (टूस्ट्रोकचं) ऑइल फिरवा. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं पेट्रोल कॉकचं जुनं बूच आणि रबरं फुगतात, ती नवीच घाला. पेट्रोलच्या लिटरला टूटी ऑइल ४० मिली. सायलेन्सरचे बॅफल, म्हणजे आतले आवाज दाबणारे पडदे, काढून आवाज वाढवायचा मोह भावाला होईल. टूस्ट्रोकची ताकद त्या सायलेन्सरवरच असते, म्हणावं.

गोठ्यातली_जावा:
सगळ्यांचे आभार. काकांची संमती मिळाली. पहिला फेरा त्यांचा, अशी अट आहे. डिझेल सोडून नवव्या दिवशी पिस्टन सुटला. काल हेड उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर ५० कोरलेलं निघालं. म्हणजे आबांनी आधीच रिबोर केलं होतं? घरात कुणालाच माहीत नाही.

उद्यमनगर_लेथ:
केलं होतं. ०.५० चा, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन आहे तो. आता सिलिंडरचं बोअर वर, मधे, खाली मोजून घ्या. झिजलं असेल तर ०.७५ शोधावा लागेल. जुना पिस्टन टाकू नका.